फुटलेल्या टाचा, उललेले हात आणि घरचा मलम



६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आलेल्या आपल्या बाया पुढच्या रविवारी विहारात येतात, तेव्हा एक गोष्ट दरवर्षी दिसते. बसल्या बसल्या त्या पाय साडीखाली ओढून घेतात. यंदा वंदना झाल्यावर आम्ही म्हणालो, "आज पाय बाहेर काढा, आम्हाला बघायचेत." कोणी तयार होईना. शेवटी एक आजी म्हणाली, "बघ बाई, तू नर्स हायेस, तुझ्यापुढं कसली लाज," आणि तिने पाय पुढे केला. टाचेला चार भेगा. त्यातली एक इतकी खोल, की आतले लाल मांस दिसत होते. त्याच पायावर ती दादरच्या रांगेत तासन् तास उभी राहिली होती.

"दवाखान्यात का नाही गेलीस?" असे विचारल्यावर ती हसली. भेगांसाठी कोण दवाखान्यात जाते? रोज बुडतो, शिवाय तिथे कोणी मनावर घेत नाही. आमच्या नोकरीच्या काळात आम्हीही फारसे मनावर घेतले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. भेगेतून जंतू शिरून पाय सुजला, मांडीत गाठ आली, ताप चढला, की मग आम्ही पट्टी करायला आणि इंजेक्शन द्यायला पुढे. त्याच्या आधीच्या महिनाभरात घरच्या घरी दहा मिनिटांचे जे काम करायला हवे होते, ते तिला कोणी सांगितलेले नसायचे. ते काम आजच्या पानावर सांगतो.

कातडी उलते कशामुळे

आपली कातडी म्हणजे विटांची भिंत समजा. वरच्या थरातल्या मेलेल्या पेशी या विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ हा गिलावा. गिलावा चांगला असला की आतले पाणी आत राहते आणि बाहेरचा जंतू बाहेर. गिलावा धुऊन गेला की पाणी उडून जाते, विटा आक्रसतात आणि भिंतीला तडे जातात.

हा गिलावा काढून टाकण्याची सोय आपल्या रोजच्या कामातच आहे. भांड्यांची पावडर, कपड्यांचा सोडा, सिमेंट, चुना हे सगळे क्षारयुक्त असते. चांगली कातडी किंचित आम्लधर्मी असते, आणि साध्या साबणाने धुतली तरी तिला पुन्हा जागेवर यायला वेळ लागतो. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईच्या हाताला तो वेळ मिळतच नाही. त्यात आपल्याकडची थंडी कोरडी. नोव्हेंबरपासून वारा सुटतो, पहाटे पारा खाली जातो, आणि त्याच दिवसांत कांद्याची लावण, ऊसतोड, गव्हाचे पाणी अशी कामे अंगावर येतात. कारखान्यावरचे असोत, वीटभट्टीवरचे असोत की विद्यापीठाच्या शेतावर रोजंदारीला जाणारे असोत, हात-पाय सगळ्यांचे सारखेच उललेले. वर थंडी म्हणून कढत पाण्याने अंघोळ. कढत पाणी तर उरलासुरला स्निग्धपणाही घेऊन जाते.

टाचेची गोष्ट आणखी वेगळी आहे. अंगावर जवळजवळ सगळीकडे तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. तळहाताला आणि तळपायाला त्या नसतात. टाचेची कातडी जाड, तिच्यावर सगळ्या अंगाचा भार, आणि स्वतःचे तेल नाही. अनवाणी चालले किंवा मागून उघडी चप्पल घातली, की भाराने टाच बाजूला पसरते. ओली लवचिक कातडी ताणली जाते, कोरडी कातडी तडकते. एवढे साधे कारण आहे. "उष्णता वाढली", "अंगात काहीतरी कमी आहे", "कुणाची नजर लागली" असली कारणे शोधत बसू नये.

अडीच हजार वर्षांपूर्वीही पाय फुटत होते. विनयपिटकातल्या महावग्गात औषधांचा एक सबंध विभाग आहे, भेसज्जक्खंधक. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे आजारी भिक्खूंना चालतील, असे तथागतांनी त्यातच सांगितले. पुढे पिलिन्दवच्छ नावाच्या भिक्खूंचे पाय फुटल्याची नोंद येते. त्यांना पायाला तेल चोळायची परवानगी मिळाली, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा पायाचे औषध तयार करायचीही. तेव्हा फुटलेली टाच ही लपवायची गोष्ट नाही. विहारात तर नाहीच नाही.

आधी पाणी, मग तेल

आता मुद्द्याची गोष्ट. कोरड्या कातडीवर तेल चोळून फार उपयोग होत नाही, असा अनुभव बऱ्याच जणींना आहे. "ताई, रोज खोबरेल लावते, तरी टाच तशीच." याचे कारण असे, की कातडीला हवे असते पाणी, आणि तेलात पाणी नसते. तेलाचे काम झाकणाचे. भांड्यात पाणीच नसेल तर झाकण ठेवून काय उपयोग? म्हणून आधी कातडी भिजवायची, फडक्याने नुसती टिपायची, पुसून कोरडी करायची नाही, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत वरून तेल किंवा मलम लावायचा. एवढा एक बदल केला तरी घरात आहे त्याच तेलाने फरक दिसतो.

दुकानातल्या महागड्या लोशनमध्ये तरी काय असते? तीनच कामे करणाऱ्या वस्तू असतात. पाणी धरून ठेवणारी, म्हणजे ग्लिसरीन. विटांमधल्या फटी भरणारी, म्हणजे वेगवेगळी तेले. आणि वरून झाकण घालणारी, म्हणजे मेण किंवा व्हॅसलीन. बाकी असते ते पाणी, वास, रंग आणि बाटलीवरचे चित्र. बाटलीचा निम्म्याहून मोठा भाग बहुतेक वेळा साधे पाणीच असते.

आमची फजिती

हे कळल्यावर आपणच लोशन करावे असे आम्हाला वाटले. मोबाईलवर तसे व्हिडिओ ढिगाने आहेत. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, बदाम तेल, सगळे मिक्सरमध्ये फिरवायचे की झाले लोशन. चार वर्षांमागे आम्ही वस्तीतल्या पंधरा जणींना घेऊन ते केले. पांढरेशुभ्र, मऊसूत झाले. सगळ्या खूश. आठव्या दिवशी एकीने बाटली आणून दाखवली. वर हिरवट बुरशी आणि आंबूस वास. दुसरीने वास आला तरी "औषधी वास असेल" म्हणून उललेल्या हाताला लावले होते, तिच्या हातावर पुळ्या उठल्या. चूक तिची नव्हती, आमची होती. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो, की जिथे पाणी आणि अन्न तिथे जंतू. कोरफडीचा गर म्हणजे दोन्ही. कंपन्या त्यासाठी मोजूनमापून टिकवणारे औषध घालतात. ते घरी जमत नाही. आणि फ्रिज किती घरांत आहे, तेही आम्हाला ठाऊक होते.

तेव्हापासून आम्ही पाण्याचे लोशन शिकवणे बंद केले. पाण्याचा थेंब नसलेला मलम करतो. तो महिनोन् महिने टिकतो, कारण जंतूला वाढायला त्यात पाणीच मिळत नाही. पाणी आपण कातडीवर देतोच आहोत, डब्यात कशाला हवे?

मलम असा करा

लागते काय? खोबरेल तेलाची १०० मिलीची एक बाटली आणि १५ ग्रॅम मधमाशांचे पिवळे मेण. बस्स. मेण काष्ठौषधींच्या दुकानात किंवा पन्साऱ्याकडे मिळते. त्याच्याकडूनच तोलून घ्या, म्हणजे घरी अंदाज करावा लागत नाही. खादी भांडारातही विचारावे. घेताना मेणाचा तुकडा बोटात दाबून बघा. खरे मेण बोटाच्या उबेने मऊ पडते आणि त्याला मधाचा मंद वास असतो. मेणबत्तीचे मेण पांढरे, ठिसूळ, बिनवासाचे; ते खनिज तेलातून काढलेले असते. पूर्वी भेगांत मेणबत्तीचे गरम थेंब पाडायचे. काहींना त्याने बरेही वाटायचे, कारण भेग झाकली जायची. पण त्यात भाजलेली टाच आम्ही पट्टी बांधताना पाहिली आहे.

तेल खोबरेलच हवे असे नाही. तीळ तेल चालते. आपल्या भागात करडई पिकते, घाण्याचे करडई तेल मिळाले तर तेही उत्तम. कोकणात कोकमाच्या बियांचे घट्ट तेल गोळे करून विकतात, त्याला मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात, आणि तिकडे भेगांवर पहिला उपाय तोच. कोणी पाहुणा कोकणातून येणार असेल तर एक गोळा आणायला सांगा. मलमात दोन चमचे किसून घातले तर टाचेला फार छान बसते. नाही मिळाले तर अडत नाही. बदाम तेल, ऑलिव्ह तेल यांच्यावर पैसे घालू नका, त्यांच्यात आपल्या कामाचे वेगळे काही नाही.

आधी बरणी. काचेची किंवा स्टीलची, रुंद तोंडाची, म्हणजे बोट नीट जाते. घासून, उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात खडखडीत वाळवा. झाकणाच्या आतली कडही वाळली पाहिजे. आमचे निम्मे मलम याच एका ठिकाणी बिघडतात. घाई करून ओल्या बरणीत भरले, की सगळी मेहनत वाया.

आता पातेल्यात तीन बोटे पाणी तापत ठेवा. त्यात स्टीलचा छोटा डबा ठेवून त्या डब्यात मेण किसून टाका. मेण थेट विस्तवावर ठेवायचे नाही. ते पेट घेते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकले तर भडका उडतो. मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळते, म्हणजे पाण्याला खदखदून उकळी यायचीही गरज नाही. मेण वितळले की तेल ओता. तेल गार असल्यामुळे मेण पुन्हा गोठल्यासारखे दिसेल, घाबरू नका, ढवळत राहा, परत एकजीव होते. ढवळायचा चमचा कोरडा. वाफेचे पाणी डब्यात पडू नये म्हणून झाकण ठेवायचे नाही. मुले लांब ठेवा, हे वेगळे सांगायला नको.

मग पाकाची तार बघतो तसे याचे बघायचे. एक थेंब गार ताटलीवर टाका, मिनिटभराने बोटाने घासा. बोटावर लोण्यासारखा पसरला तर बरोबर. तेलकट वाहिला तर मेण वाढवा, खडूसारखा खरवडला तर तेल वाढवा. थंडीत १५ ग्रॅम मेण पुरते, कारण खोबरेल २४ अंशांच्या खाली आपोआपच थिजते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे गेला की हाच मलम पातळ होतो, तेव्हा २० ग्रॅम घाला. बरणीत ओता आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा, नाहीतर झाकणाला घाम येतो आणि तेच पाणी आत पडते.

वासासाठी काही घालू नका. कोणी कापूर घालतात, कोणी निलगिरीचे तेल. उललेल्या कातडीला दोन्ही झोंबतात, आणि लहान मूल घरात असेल तर कापूर मुळीच नको. कापूर कातडीतून आणि तोंडातून पोटात गेला तर तान्ह्या मुलाला झटके येऊ शकतात. हळद चिमूटभर घातली तर बिघडत नाही, पण पांघरूण पिवळे होते, नंतर तक्रार करायची नाही.

बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांत संपवा. तेल खवट वास मारू लागले तर त्या मलमाने दाराच्या बिजागऱ्या घासा, कातडीला लावू नका. बरणीत ओले बोट घालायचे नाही. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस वाट बघा. खाज किंवा लाली आली तर तो तुम्हाला मानवत नाही.

मेण मिळालेच नाही, किंवा एवढा खटाटोप करायला सवड नाही, तर? व्हॅसलीन घ्या. आम्ही घरच्या मलमाचे गोडवे गातो म्हणून खोटे सांगणार नाही. कातडीतले पाणी अडवण्यात साधी पेट्रोलियम जेली कोणत्याही तेलापेक्षा सरस आहे. रॉबर्ट चेझब्रो नावाच्या रसायनतज्ज्ञाने अमेरिकेत १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि आजही दवाखान्यात आम्ही तीच वापरतो. बिनवासाची, बिनरंगाची, सगळ्यात लहान डबी पुरते. ग्लिसरीनची बाटली मेडिकलमध्ये स्वस्त मिळते, तीही घरात असू द्या. ती नुसती लावायची नाही. कोरड्या हवेत नुसते ग्लिसरीन कातडीतलेच पाणी ओढते. हात ओले करून तळव्यावर दोन थेंब घ्यायचे, चोळायचे, वरून मलम. पाणी तिथल्या तिथे मिसळले, म्हणून खराब व्हायचा प्रश्नच नाही.

लावायचे कसे

टाचांसाठी रात्रीची वेळ ठेवा. कोमट पाण्यात पंधरा मिनिटे पाय बुडवून बसा. टीव्ही बघत बसा, मुलांचा अभ्यास घेत बसा. पाण्यात सोडा-बिडा काही नको. मऊ झालेली मेलेली कातडी वज्रीने हलक्या हाताने घासा, एकाच दिवसात सगळी काढायचा हट्ट नको. ब्लेडने किंवा सुरीने कापणाऱ्या मावश्या आहेत आपल्यात. त्यांना आम्ही हात जोडतो, हे करू नका. पाय टिपून घ्या, ओलसर असतानाच मलम भेगेत भरा, जुने सुती पायमोजे घालून झोपा. पहिल्या तीन-चार दिवसांत दुखणे कमी होते, भेग भरायला दोन ते तीन आठवडे लागतात. मध्येच सोडले की परत पहिल्यासारखे. दिवसा मागून बंद असलेली चप्पल किंवा बूट मिळाला तर मलमाइतकाच उपयोग त्याचा होतो.

हातांना भांडी घासून झाल्यावर, दर वेळी. कामाच्या घरी पोहोचेपर्यंत विसरते, म्हणून एका ताईने जुन्या डबीत थोडा मलम भरून पदराला बांधला होता. युक्ती चांगली आहे. सिमेंटचे काम करणाऱ्या भावांनी काम संपल्यावर आधी भरपूर पाण्याने हात धुवावेत, मगच मलम लावावा. सिमेंट अंगावर असताना वरून मलम लावला तर ते आतच दाबले जाते.

तान्ह्या बाळाला नुसते खोबरेल पुरे. मोहरीचे तेल नको, कोवळ्या कातडीला ते झोंबते. रोज दाई चोळून चोळून अंग लाल करते, तेही थांबवा. हलका हात, अंघोळीनंतर, अंग ओलसर असताना.

आणि एक अपवाद. पायाच्या बोटांच्या बेचक्यात पांढरे, ओले, खाजरे झाले असेल तर त्या चिखल्या आहेत. तिथे मलम अजिबात लावू नका. ती बुरशी आहे आणि तिला ओलच हवी असते. तिथे धुऊन कोरडे करायचे आणि दवाखान्यातून बुरशीवरचे औषध घ्यायचे.

झाडाचे म्हणून सगळे चांगले नसते

'नैसर्गिक' या शब्दावर आपला फार विश्वास. पण बिब्बाही झाडाचाच असतो. भेगांत बिब्ब्याचे तेल भरणे हा आपल्याकडचा जुना उपाय, आणि त्याने टाचेला फोड येऊन पाय टेकता न येणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. बिब्ब्याचा चीक कातडी जाळतो. त्याचा डाग कपड्यावरून जात नाही म्हणून पूर्वी परीट त्याने कपड्यांवर खुणा करत. असला पदार्थ उघड्या जखमेत भरायचा? रुईचा चीक तसाच, डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा करतो. लिंबू चोळून उन्हात गेले की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. कोरफड वापरायचीच असेल तर पान कापून उभे ठेवा, पिवळा चीक पूर्ण गळून जाऊ द्या, खाज त्यानेच सुटते. मग आतला पारदर्शक गर ताजा लावा आणि उरलेला फेकून द्या. टूथपेस्ट, चुना, तंबाखूची मशेरी यांतले काहीही भेगेत भरायचे नसते.

आजीने सांगितले म्हणून नको, डॉक्टरने सांगितले म्हणूनही डोळे मिटून नको, आणि आम्ही या पानावर लिहिले म्हणूनही नको. आधी एका टाचेला लावा, दुसरी तशीच ठेवा, आठ दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवून बघा. 'एहि पस्सिको' म्हणतो ना आपण, येऊन पाहा. ते इथेही लागू आहे.

तोंडाला लावायच्या ट्यूबबद्दल

मलमाच्या वर्गात मुली बसतात त्या टाचांसाठी नाही. थोड्या वेळाने हळूच विचारतात, "ताई, याने गोरे होतो का?" नाही होत. मलमाने कातडी मऊ होते, रंग बदलत नाही, आणि बदलायची गरजही नाही. ब्राह्मणांचा वर्ण गोरा आणि इतरांचा काळा, म्हणून आम्ही श्रेष्ठ, असा दावा तथागतांपुढे अस्सलायन नावाच्या तरुणाने केला होता. तथागतांनी तो एकेक प्रश्न विचारत खोडून काढला, मज्झिम निकायात ते सगळे आले आहे. तोच दावा आज जाहिरातीतून आपल्या घरात येतो. १९७५ पासून भारतात विकल्या गेलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' केला. नाव बदलले, पण मुलींच्या मनात इतकी वर्षे भरलेले त्यामुळे निघून जात नाही.

आमच्या ओळखीची एक मुलगी, बारावीतली. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली ट्यूब तिने पाच महिने तोंडाला लावली. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळला, आई खूश. मग गाल लाल, बारीक शिरा दिसू लागल्या, पुळ्या, ओठावर लव, उन्हात गेले की आग. ट्यूब बंद केली की आणखी आग, म्हणून परत लावायची. त्यात स्टिरॉइड होते. ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असे काही लिहिलेले असेल तर ते कातडीच्या आजाराचे औषध आहे, क्रीम नव्हे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तरी मिळतात. आता ती मुलगी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाते, बरीच सुधारली आहे, पण परीक्षेला तोंडाला ओढणी बांधून गेली होती.

दुसरा धोका याहून मोठा. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका घरातली बातमी सगळ्यांनी वाचली असेल. आई आणि दोन मुली, तिघींच्या मूत्रपिंडांना एकाच वेळी इजा झालेली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा तिघी वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला. क्रीम गावातल्याच ब्युटिशियनकडची. पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंड खराब करतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा घालायला मनाई आहे. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एका भागाहून जास्त असता कामा नये. म्हणून बिननावाची डबी, कोणी भरून दिलेली डबी, बाहेरदेशातून आली म्हणून सांगितलेली डबी घरात येऊ देऊ नका. अशी क्रीम वापरल्यावर पायावर किंवा तोंडावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि ती डबी बरोबर न्या.

मलम लावत बसू नये अशा वेळा

रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर बारीक फोड आहेत, आणि घरात दोघा-तिघांना तेच आहे, तर ती खरूज. तिला तेलाने काही होत नाही. सरकारी दवाखान्यात औषध मिळते, ते घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचे, खाज असो वा नसो. गोल, कडेला उठलेला, मधून बरा होत जाणारा चट्टा म्हणजे गजकर्ण. तिथेही दुकानातली स्टिरॉइडची ट्यूब लावली की ते पसरते.

फिकट किंवा लालसर चट्टा, कोरडा, घाम न येणारा, आणि पिनेने टोचले तरी न कळणारा दिसला तर गप्प बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. लाजायचे कारण नाही. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, गोळ्यांचा कोर्स पुरा केला की बरा होतो, आणि लवकर सुरू केला तर बोटे वाकत नाहीत. ज्यांचे पाय आधीच बधिर झाले आहेत त्यांना भिजवा, घासा, तेल लावा हेच रोज सांगितले जाते, म्हणजे आपण वर सांगितले तेच. फक्त पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याने हाताने पाहून द्यायचे.

मधुमेहाचे तसेच. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांच्या दुखण्याने ते किती बेजार होत, हे आपण सगळे वाचून आहोत. साखर वाढलेल्या माणसाच्या पायाला भेग पडली तर ती त्याला दुखत नाही, म्हणून तो बघत नाही, आणि तिथूनच पाय कापायची वेळ येते. घरात साखरेचा पेशंट असेल तर रोज रात्री त्याचे तळपाय दुसऱ्याने बघायचे. आरसा खाली ठेवून स्वतःही बघता येतात. भेगेतून पाणी किंवा पू, भोवती लाली, वास किंवा ताप दिसला तर मलम बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामीण रुग्णालय गाठा.

त्या आजीच्या टाचा तीन आठवड्यांत भरल्या. मोठी भेग पूर्ण भरली नाही, कडा अजून कडक आहेत, पण चालताना दुखत नाही म्हणते. मलम तिने स्वतः केला. मेण जास्त पडले म्हणून पहिली बरणी खडूसारखी झाली होती. ती परत वितळवून तिने तेल घातले, आणि आता शेजारच्या दोघींना तीच शिकवते. पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारात पुन्हा मलम करू. येताना रिकामी बरणी आणा, धुतलेली आणि उन्हात वाळवलेली. ओली आणली तर परत पाठवू.